‘खराब’ लिहिलेली फ्लॉपी

सहदेव लग्नाला गेला की मांडवात शिरण्याआधी एक काम न चुकता करायचा. एक चप्पल मांडवाच्या खांबाशी काढायचा आणि दुसरी पार पलीकडे, पाण्याच्या पिंपामागं. एकटी चप्पल कोण चोरणार, असा त्याचा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हता, कारण त्याची चप्पल कधीच चोरीला गेली नाही. फक्त एकदा पोशीरच्या लग्नात जेवणाच्या पंगतीसाठी ते पिंप कुणीतरी हलवलं, आणि हा गडी एका पायात चप्पल घालून मांडवाभोवती फेऱ्या मारत बसला. दुसरी सापडलीच नाही. पिंप मुद्दाम हलवलं होतं, असं तो अजून सांगतो.

पळसदरीला त्याचं घर. शंका घेणं त्यानं घरूनच उचललं होतं. आई अंबाबाई बियाण्याचं भात नेहमी फाटक्या कणगीत ठेवायची, आणि शेणानं नीट सारवलेल्या धड कणगीत आदल्या सालचं, खायला काढायचं. कुणी विचारलं, “बी कसं हाय गं औंदा?” तर तोंड पाडून म्हणायची, “कसलं बी, निस्ता कोंडा भरलाय.” चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, आणि दृष्ट नाही लागली तर शेजारी टोपली घेऊन मागायला येतो, असं तिचं सरळ गणित होतं. त्या घरात चांगल्या गाईला वांझ म्हणत, दुभत्या म्हशीला आटलेली म्हणत, आणि सहदेव परीक्षेत पास झाला तेव्हा बापानं गावभर तो नापास झाल्याचं सांगितलं होतं.

आयटीआय करून सहदेव कर्जतच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करू लागला. हात चांगला होता. दुरुस्त केलेल्या रेडिओच्या स्क्रूवर तो नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायचा. गिऱ्हाइकानं रेडिओ दुसऱ्याकडून उघडून घेतला तर ठिपका फुटलेला दिसायचा आणि मग सहदेव त्याला दारातूनच परत पाठवायचा. नेलपॉलिशची बाटली त्याच्या बायकोची, मैनाची. जत्रेतून तिनं हौसेनं घेतलेली. तिच्या नखांना ती जेमतेम दोनदा लागली असेल, बाकी बरीचशी कर्जत तालुक्यातल्या रेडिओंना लागली.

पुढं खालापूरच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. मोजमापाची यंत्रं सांभाळायची. साल सत्त्याऐंशी उजाडलं आणि कारखान्यानं दोन नव्या वस्तू आणल्या. एक कंप्युटर, जो ऑफिसात गार खोलीत बसला. आणि एक वजन करणारं यंत्र, जे खात्यात बसलं. तोवर रंगाची भुकटी माणसं तराजूवर तोलून घागरींत भरत. आता वरच्या टाकीचं तोंड आपोआप उघडायचं, खालच्या घागरीत ठरलेलं वजन पडलं की आपोआप मिटायचं. हे सगळं ठरवायची यंत्राच्या अंगावरची एक पत्र्याची पेटी, आणि पेटीच्या आतली बोटाएवढी एक चिप.

साहेबांनी सहदेवला पंधरवडाभर मुंबईला शिकायला पाठवलं आणि पेटीचा प्रोग्राम त्याच्या गळ्यात मारला.

आता हे काम कसं, ते सांगायला हवं. ऑफिसातल्या कंप्युटरची भाषा वेगळी, पेटीची भाषा वेगळी. पेटीला ना पडदा ना टंकायची बटणं, तिच्यात बसून काही लिहिता येत नाही. म्हणून तिचा प्रोग्राम ऑफिसातल्या कंप्युटरवर लिहायचा, तिथंच पेटीला कळेल अशा भाषेत बांधून घ्यायचा, चिपमध्ये भरायचा आणि चिप घेऊन खात्यात जायचं. माहेरच्या चुलीवर सासरच्या चवीचं रांधायचं आणि चव बघायला दर खेपेला सासरी जायचं, तसला प्रकार. चूक निघाली की चिप काढा, खास दिव्याच्या डब्यात ठेवून त्या उजेडानं आतलं पुसा, पुन्हा ऑफिसात जाऊन पहिल्यापासून सुरू.

बरं, प्रोग्राम एकटा असता तरी सोसलं असतं. तो एकटा कधीच नसतो. त्याला बांधणारा एक दुसरा प्रोग्राम लागतो, तो मुंबईच्या एका कंपनीनं फ्लॉप्यांवर पाठवलेला. त्याला आकडेमोड करायला गणिताची एक तयार फाईल लागते. आकडे दाखवायला आणखी एक फाईल. ह्या सगळ्या एकाच वेळच्या, एकमेकींना ओळखणाऱ्या हव्यात. कंपनीनं गणिताची नवी फाईल पाठवली तर ती जुन्या बांधणीला चालेना. बांधणी नवी आणली तर आकडे दाखवणारी फाईल अडून बसली. तिची नवी मागवली, तर तिला अजून एक फाईल हवी होती जी कंपनी पाठवायलाच विसरली. ट्रंक कॉल लावून सहदेव घसा फोडून बोलायचा आणि पलीकडचा गार आवाजात सांगायचा, “आमच्याकडे तर चालतंय.”

सहदेवला त्यांचाही संशय होता. प्रत्येक खेपेला एक फाईल मुद्दाम मागं ठेवतात, असं त्याचं पक्कं मत. हा एक संशय तसा अगदीच खोटा नसावा.

त्या आटापिट्यात त्याचा सबंध हिवाळा गेला. जेवताना तो मध्येच हात थांबवून भिंतीकडं बघायचा. मैना म्हणायची, “आवं, भाजी खारट झालीय का?” तर हा म्हणायचा, “फाईल सापडत नाय म्हनतो.” शेवटी होळीच्या आधी एकदाची सगळी मोट बांधली गेली. सगळ्या फायली एकमेकींना ओळखू लागल्या. यंत्र तोलायला लागलं. पिवळा, लाल, निळा, सगळे रंग बिनबोभाट भरले जाऊ लागले.

मग सहदेवनं तेच केलं जे त्याच्या घरात कुणीही केलं असतं. ज्या फ्लॉपीवर चांगल्या, जुळलेल्या फायली होत्या तिच्यावर त्यानं चिठ्ठी डकवली, ‘खराब’. आणि जिच्यावर गणिताची जुनी, न जुळणारी फाईल होती तिच्यावर लिहिलं, ‘चांगली’. दोन्हींवरच्या फायलींची नावं अगदी एकच. कुणी चोरायला आलाच तर चांगली म्हणून भलतीच घेऊन जाईल आणि बसेल रडत. कोण चोरायला येणार होतं, देव जाणे. पण सहदेव दोन दिवस स्वतःवर खूश होता.

मैनाचा धाकटा भाऊ विठू त्याच कारखान्यात होता. कळंबचा पोरगा, बरीच वर्षं टेंपरवारी. पूर्वी तराजूवर तोलणाऱ्या माणसांतला. नवं यंत्र आल्यावर बाकीच्या तोलणाऱ्यांना गोदामात पोती उचलायला लावलं, आणि विठू चलाख म्हणून त्याला यंत्रावर घेतलं. त्याच्या जोडीला दुसऱ्या पाळीत गजा. गजा पर्मनंट. निळा रंग अंगाला लागला की आठवडाभर जात नाही, म्हणून पर्मनंट माणसं निळ्याला हात लावत नसत. निळा नेहमी विठूच्या वाट्याला. त्याची नखं, कानामागची कातडी, सदऱ्याची बटणं, सगळं निळं. येत्या जूनमध्ये काही टेंपरवाऱ्यांना कायम करणार होते आणि त्यांत विठूचं नाव धरलं होतं. नाव लागलं की त्याचं लग्नही ठरणार होतं. मुलीकडचे तेवढ्यासाठीच थांबले होते. मैना दर सोमवारी त्यासाठी उपास करत होती.

एके दिवशी विठू काही निरोप घेऊन ऑफिसात आला. सहदेव तेव्हा फ्लॉपी कंप्युटरमध्ये घालत होता. विठूनं चिठ्ठी वाचली आणि हसून म्हणाला, “दाजी, खराब कशाला घालताय? चांगली ती राह्यली बाजूला.”

एवढंच बोलला आणि गेला. पण सहदेवच्या मनात पाल चुकचुकली. ह्याला काय पडलंय? फ्लॉपीकडं नजर कशी गेली ह्याची? आणि हसला का? विचार करता करता त्याला दिसू लागलं की विठूला उलट्या चिठ्ठ्यांचं गुपित कळलंय. मग गुपित कसलं राहिलं? विठू बाहेर पडल्या पडल्या त्यानं दोन्ही चिठ्ठ्या सोडवल्या आणि अदलाबदल करून डकवल्या. म्हणजे आता चांगल्या फ्लॉपीवर ‘चांगली’ आलं आणि खराबवर ‘खराब’. ज्याला उलटं माहीत आहे तो आता फसेल, असा डाव.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी एक नवी छटा वाढवायला सांगितली. प्रोग्राममध्ये दोन ओळींचं काम. सहदेवनं फ्लॉपी काढली. इतक्या दिवसांचा सरावाचा हात, तो सरळ ‘खराब’कडं गेला. बांधणी झाली. कंप्युटरनं कसलीही तक्रार केली नाही, कारण फायलींची नावं तीच होती. चिपा मोजक्या, म्हणून खात्यातली जुनी चिप काढून, पुसून, तिच्यातच नवा प्रोग्राम भरला. एव्हाना ऑफिसात तपासणीसाठी तसलीच दुसरी पेटी जोडलेला एक छोटा काटा आला होता. त्यावर कँटीनमधली पाच किलोची, दोन किलोची वजनं ठेवून बघितली. आकडे बरोबर आले. चिप पेटीत बसवली, झाकणाच्या स्क्रूवर लाल ठिपका दिला आणि सहदेव चहा प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी निळा सांडला.

थोडाथोडका नाही. घागर भरली, काठोकाठ आली, वर शीग चढली, तरी टाकीचं तोंड मिटेना. विठूनं धावत जाऊन मेन स्विच पाडला तोवर खात्याची अर्धी फरशी निळी झाली होती. पारसनीस साहेब आले. साहेब नाकासमोर चालणारा माणूस, रंगांतलं सगळं कळायचं, कंप्युटरमधलं काही नाही. ते म्हणाले, “सहदेव, काय आहे हे?”

“बघतो, साहेब.”

त्यानं पुन्हा प्रोग्राम बांधला, अर्थात त्याच फ्लॉपीवरून. पुन्हा काट्यावर तपासला. बरोबर. गजाच्या पाळीत पिवळा भरला, लाल भरला. बरोबर. सकाळी विठूनं निळा लावला आणि पुन्हा तेच. ऑफिसात चालतं, गजाकडं चालतं, विठूकडं चालत नाही. सहदेवनं पेटीपाशी जाऊन स्क्रूवरचा ठिपका बघितला. ठिपका शाबूत होता.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, ठिपका शाबूत आहे म्हणजे पेटी कुणी उघडलेली नाही. सहदेव मात्र तिथंच उभा राहून वेगळं काही जुळवत होता. ठिपका शाबूत, म्हणजे ज्यानं उघडली त्यानं पुन्हा तसाच ठिपका दिला. तसाच म्हणजे त्याच लाल रंगाचा. हा रंग कुणाच्या बाटलीचा, हे अख्ख्या कारखान्यात एकालाच माहीत असणार. बहिणीच्या घरी येता-जाता बाटलीला हात लावायला त्याला कोण अडवतंय? आणि कारण? कारण तर समोर होतं. यंत्र आलं आणि ह्याचे सोबती पोती उचलायला गेले. यंत्र बिघडतं म्हटलं की तराजू परत येणार. चिपेच्या पाठीवरच्या बारक्या काचेवरची काळी पट्टी सोलून ती उन्हात ठेवली की आतलं हळूहळू पुसलं जातं, हे सहदेवनंच एकदा घरी जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हा विठू समोर बसला होता आणि फार लक्ष देऊन ऐकत होता.

एकेक गोष्ट अशी चपखल बसत गेली की सहदेवला बरं वाटू लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळं जुळत होतं. विठूला एका शब्दानं विचारावं, हे काही त्याच्या मनात आलं नाही. चोराला विचारून चोरी कळते होय?

त्यानं साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन नाव सांगितलं. मेहुणा असून सांगतोय, ह्याचं साहेबांना कौतुकच वाटलं. विठूचा गेटपास काढून घेतला. जूनच्या यादीचं बघू म्हणाले, आणि ते कुठल्या सुरात म्हणाले ते सगळ्यांना कळलं.

निळा भरायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून तो काही दिवस बंदच ठेवला. पिवळा नि लाल चालू होते आणि यंत्र अगदी शहाण्यासारखं वागत होतं. कारखान्यात जो तो म्हणू लागला, बघा, विठू गेला आणि यंत्र सुधारलं. सहदेव ते ऐकायचा आणि मान हलवायचा.

घरी मैनाला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं परातीतला हात काढला नाही.

“ठिपक्यावरनं वळकलं तुमी?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“माज्या बाटलीवरनं माजा भाव चोर ठरवला.”

आणि तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. भांडली असती तर सहदेवकडं उत्तरं तयार होती, ती सगळी त्याच्या तोंडातच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला ताट वाढून परसात निघून जाऊ लागली. सोमवारचा उपास तिनं सोडला नाही. भाऊ आठवडाभर कळंबच्या घरातून बाहेर पडला नाही आणि मुलीकडच्यांनी निरोप धाडला की जरा थांबू या, हेही तिनं त्याला सांगितलं नाही. ते त्याला गजाकडून कळलं.

मे सरत आला. रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचे राब भाजून झाले होते, ढेकळं फोडून जमीन तयार होती, आता पेरणीचं बी काढायचं होतं. रविवारी सकाळी सहदेव टोपली घेऊन माळ्याखाली गेला आणि फाटक्या कणगीत हात घातला.

“त्यातलं नगं रं,” अंबाबाई मागून म्हणाली. “औंदा बदाललंय म्यां.”

“का गं?”

“शेजारच्या नागूची बायकू शिमग्याला आली व्हती. फाटक्या कनगीकडं लई बगत व्हती. मंग बी काढून म्यां चांगल्या कनगीत घातलं, आन् खायचं ह्यात.” बोलता बोलता ती थांबली. एका कणगीपाशी गेली, मग दुसरीपाशी. दोन्हींतलं भात एकाच वाणाचं, रंगानं नि दाण्यानं सारखंच. आदल्या सालच्या भाताला मोड येत नाही, एवढाच फरक, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. “बदाललं व्हतं का बदालायचं म्हनून राह्यलं? जराबी ध्यानात येईना. आपुन रोज कुटल्यातलं खातो रं?”

“दोन्हीतलं खाल्लंय, आये. मागल्या महिन्यात तू दोन्हीतनं काढलं.”

म्हातारी स्वतःशीच हसायला लागली. “नागूच्या बायकूला फसवाया गेले नि मीच फसले बग. आता दोन्हीतलं मूठ मूठ वल्या फडक्यात बांधून ठेव. मोड कशाला येतील ते बगू.”

सहदेवनं मूठ भरली आणि तशीच धरून उभा राहिला. त्याला चिठ्ठ्या आठवल्या. आधी उलट्या लावलेल्या, मग विठू हसला म्हणून पुन्हा उलटवलेल्या. त्यानंतर आपण कुठल्या फ्लॉपीवरून बांधलं? त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. हात ‘खराब’कडं गेलेला त्याला स्वच्छ दिसला. मुठीतलं भात कुठं ठेवावं हे त्याला सुचेना, आणि अंबाबाई विचारत राहिली, “काय झालं रं, काय चावलं का?”

सोमवारी त्यानं ऑफिसचं दार आतून लावलं. कँटीनमधून तांदळाचं पोतं मागवून घेतलं होतं. काटा लहान होता पण दमदार होता. मधल्या काळात आलेल्या एका नव्या चिपेत ‘खराब’वरून प्रोग्राम भरून त्यानं ती तपासणीच्या पेटीत बसवली, काट्यावर वजनं ठेवली, मग वर तांदूळ ओतत गेला. वीस किलो, पंचवीस, तीस. आकडे शिस्तीत चढत होते. बत्तीसच्या पुढं जरासा तांदूळ पडला आणि पेटीवरच्या लाल आकड्यांपुढं उणेची खूण आली. काट्यावर एवढं वजन असताना पेटी म्हणत होती, उणे बत्तीस. गणिताच्या जुन्या फाईलला त्यापुढचे आकडे झेपतच नव्हते. पिवळा नि लाल थोडे थोडे भरायचे, ते कधी तिथवर पोहोचले नाहीत. निळ्याची घागर तेवढी मोठी. वजन उणे झालं की यंत्राला वाटायचं, घागर रिकामी आहे, ओता अजून. आणि निळा होता विठूचा.

दुसऱ्या फ्लॉपीवरून बांधून बघितलं. बत्तीस झाले, पस्तीस झाले, पोतं संपेपर्यंत आकडे चढत राहिले.

चांगली चिप त्यानं खिशात घातली. काम अगदी सोपं होतं. खात्यात जायचं, झाकण उघडायचं, चिप बदलायची, ठिपका द्यायचा. उद्यापासून निळाही नीट भरेल. कुणी काही विचारणार नाही, आणि हीच तर खरी गोम होती. विठू गेल्यावर निळासुद्धा सुधारला, असं म्हटल्यावर विठूच्या नावावर कायमचा शिक्का बसणार. आज निदान एखाद्याला शंका तरी असेल, उद्या कुणालाच राहणार नाही. ही चिप गुपचूप बसवली की आपल्या हातानं त्याला दुसऱ्यांदा चोर ठरवला.

आयुष्यात पहिल्यांदा सहदेवला वाटलं की लोकांनी थोडी शंका घ्यावी.

तो साहेबांकडं गेला. “साहेब, आज निळा लावायचाय. गजा उभा राहील. पेटीत तेव्हाचीच चिप आहे, मी मध्ये हात लावलेला नाही. तुम्ही स्वतः चला.”

गजा कुरकुरला, पण साहेब समोर होते. घागर भरू लागली. साहेब हाताची घडी घालून उभे. घागर काठाला आली, शीग चढली, आणि निळी भुकटी फरशीवर सांडू लागली. साहेबांचे पांढरे बूट घोट्यापर्यंत निळे झाले. गजानं शिव्या देत स्विच पाडला.

“विठू आज इथं नाही, साहेब,” सहदेव म्हणाला. “तो घरी आहे. चूक माझ्या प्रोग्रामात आहे, पहिल्यांदा सांडला तेव्हापासून.” मग त्यानं दोन फ्लॉप्यांचं सगळं सांगितलं. चांगलीला खराब का म्हटलं, ते सांगताना त्याची जीभ अडखळली, कारण खात्यात उभं राहून सांगताना ते त्याला स्वतःलाच धड कळेना.

साहेबांना फायलींतलं काही समजलं नाही. पण एक समजलं, आणि ते चारचौघांत बोलले, “म्हणजे तू त्या पोराला नुसत्या संशयावर घालवलंस.” सहदेवला वरची जागा द्यायचं चाललं होतं, ते तिथंच राहिलं. त्याबद्दल त्यानं कधी कुणाला दोष दिला नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला हे सोपं नव्हतं.

दुपारच्या एसटीनं तो कळंबला गेला. विठू शेताचा बांध घालत होता. सहदेव बांधाखाली उभा राहिला.

“चल रं. साहेबांनी बोलावलंय. तुजं काय नव्हतं, समदं माजं व्हतं.”

विठूनं फावडं थांबवलं नाही. “कुनी सांगितलं साहेबांना?”

“मी.”

“आदीबी तुमीच सांगितलं व्हतं.”

ऊन कलेपर्यंत सहदेव तिथंच उभा होता. विठूनं बांधाचा कोपरा पुरा केला, फावडं धुतलं, मग म्हणाला, “एक डाव इचारायचं, दाजी. मी तितंच उबा व्हतो की.”

“चुकलं माजं,” सहदेव म्हणाला. एवढं म्हणायला त्याला एसटीतला सगळा प्रवास पुरला नव्हता.

जूनमध्ये विठूचं नाव लागलं. लग्नही ठरलं, मुलगी नेरळकडची. लग्नात सहदेवनं दोन्ही चपला एकाच जागी काढल्या. त्या कुणी नेल्या नाहीत. फ्लॉप्यांवर आता जे आत आहे तेच वर लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक नवी चिप तांदळाचं सबंध पोतं तोलून मगच खात्यात जाते. अंबाबाईच्या फडक्यात मोड आले ते फाटक्या कणगीतल्या भाताला. तिनं बदललंच नव्हतं. तरी पुढच्या वर्षीही ती बियाला कोंडाच म्हणाली. सगळ्यांनी एकदम बदलावं असं कुठं असतं.

विठू बोलतो, दिवाळीला येतो, पानात वाढलेलं सगळं खातो. पण खात्यातली एक गोष्ट तेव्हापासून बदलली ती बदललीच. चिप बदलायला सहदेव स्क्रूड्रायव्हर घेऊन आला की विठू आवाज देतो, “गजा, ये रं हिकडं, जरा उबा राहा.” गजा येईपर्यंत पेटी उघडायची नाही. सहदेव हातात स्क्रूड्रायव्हर धरून थांबतो. गजा येतो, उभा राहतो, बघतो. चिप बसते, झाकण लागतं. मग विठू आपल्या निळ्या झालेल्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढतो आणि चारी स्क्रूंवर स्वतःच्या हातानं एकेक लाल ठिपका देतो.

पहिल्या वेळी सहदेवनं बाटलीकडं बघितलं आणि ती त्यानं ओळखली. मैनानं दिल्याशिवाय ती विठूकडं येणार नव्हती. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यानं मैनाला बाटलीचं काही विचारलं नाही. तिनं वाढलं, तो जेवला.